तारशाळेचा पहिला नंबर

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६
आजपासून महाडच्या तारशाळेचा इतिहास लिहायला घेतला. रोज दहा पानं. तीस तारखेला वाचनालयात प्रकाशनही ठरवून टाकलं. नानामास्तरांनी १९३८ साली काढलेली शाळा. तार आणि वायरलेस, दोन्ही शिकवायचे. १९६९ ला बंद. हे सांगणारा आता माझ्याशिवाय उरलाय कोण?
दुपारी: अर्पणपत्रिका झाली. आजच्यापुरतं पुरे.

५ नोव्हेंबर
शिवथरला हैबतीकडे. शाळेचा शिपाई, वय पंच्याऐंशी. बाकं, बॅटऱ्या, घंटा, सगळं तोंडपाठ. मी शेवटच्या बॅचचा म्हटल्यावर म्हणाला, "तुमी? तुमी तर अकरा दिस आलात नि परत दिसलात नाय." म्हाताऱ्याची मेमरी गेली. ही मुलाखत पुस्तकात घेणार नाही.

९ नोव्हेंबर
मास्तरांची मुलगी गोदाताई दोन गल्ल्या सोडून राहते. माझ्याच बॅचची, पुढे तार ऑफिसात पस्तीस वर्षं नोकरी. तिला भेटलंच पाहिजे. आज ऊन फार. उद्या नक्की.

१४ नोव्हेंबर
गोदाताई राहिली. कव्हरचा कलर आधी ठरायला हवा होता.
'शेवटचा निकाल' हे प्रकरण अडलेलं. पहिला नंबर गोदाताईचा आला होता असं आठवतं, पण पुरावा? सगळे कागद २०२१ च्या पुरात गेले, असं लिहिलं. (आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पण ते कोण विचारतंय.) पुराव्याअभावी पहिल्या नंबरावर प्रस्तुत लेखकाचं नाव टाकलं. गोदाताईचा 'मास्तरांची कन्या' असा आदरपूर्वक उल्लेख आहेच.

२७ नोव्हेंबर
पुस्तक आलं. चाळीस पानं, नऊ फोटो, सात माझे. नात ओवी कॉलेजला आहे, तिला आयडिया सुचली. प्रकाशनाला मी तार पाठवायची आणि समोर बसून गोदाआजीने ती उतरून घ्यायची. परस्पर तिला विचारूनही आली. नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. तीन दिवस पुष्कळ झाले. मोबाईलवर तारेच्या मोर्स लिपीचं ॲप घेतलं.

२९ नोव्हेंबर
ॲप पासवर्ड मागतंय.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ८
हॉल भरलेला. पहिलं अक्षरसुद्धा आठवेना. कट्ट, कड, कट्ट, हात जाईल तशी तारयंत्राची कळ वाजवत सुटलो. गोदाताई डोळे मिटून ऐकत होती, पेन्सिल हलत होती. मग उभी राहून तिने वाचलं, 'मास्तरांच्या सर्व विद्यार्थ्यांस नमस्कार.' केवढ्या टाळ्या! माझाच विश्वास बसेना. एकदा शिकलेलं हात विसरत नाही म्हणतात, ते खोटं नाही. हैबतीला कळवायला हवं.

१ डिसेंबर
फ्रेम करायला म्हणून ओवीने गोदाताईकडून तो कागद आणला. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. बाकी कोरा.
ओवी कागद टेबलावर ठेवून आत गेली. मला लाज वाटली.

२ डिसेंबर, मंगळवार
गोदाताईकडे गेलो. चार मिनिटं लागली. पुस्तक टेबलावर, निकालाच्या पानावर उघडं. मी पूर, घाई, प्रेसवाला असं बरंच काही बोललो. ती चहा ओतत राहिली.
मग म्हणाली, "तुझ्यासाठी नाही वाचलं मी ते, अवधूत. नानांच्या शाळेचं हसं झालं असतं."
दुसऱ्या आवृत्तीत तिचं नाव घालतो म्हटलं. ते राहू दे म्हणाली. दर मंगळवारी चार वाजता ये, पहिल्या अक्षरापासून शिकवते. मी नक्की म्हटलं. आणि या वेळी खरंच नक्की होतं.

९ डिसेंबर, मंगळवार, दुपारी ३
वही घेतली. चपलाही घातल्या. मग बसलो. तिच्यासमोर पहिलं अक्षर चुकलं तर? आजोबांना बरं नाही, एवढंच सांग म्हणून ओवीला पाठवलं. मला काहीही झालेलं नाही.

५ वाजता
ओवी परत आली. गोदाताईने ताप किती विचारलं, तर तिने एकशे एक सांगितला. औषध चालू आहे, हेही सांगितलं.
यातलं मी काहीच सांगायला सांगितलं नव्हतं. अगदी सहज जमलं म्हणाली.