ताईच्या आठवड्यातलं ऑइल

रविवार, ३ मार्च

झालं एकदाचं! ऑइल बदललं, फिल्टर बदलला. कोपरापर्यंत काळी झालेय आणि कंबर बहुतेक गाडीखालीच राहिली.

ऑइल सोडायचा खालचा, चेंबरचा नट मागच्या खेपेला ताईने आवळला होता. आवळला कसला, सूड उगवून ठेवला होता! पाना लावून ओढलं — ढिम्म. दोन्ही हातांनी ओढलं — तरी ढिम्म. शेवटी पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तेव्हा कुठे महाराज हलले. "बेताने आवळा, कुस्ती नको," हे अप्पांनी दोघींनाही शिकवलं होतं. एकीनेच ऐकलं.

अप्पा जाताना गाडी दोघींना मिळून ठेवून गेले. एक आठवडा वरच्या मजल्यावरच्या ताईचा, एक माझा, मी खालच्या मजल्यावर. रविवारी संध्याकाळी किल्ली जिन्यातल्या खिळ्याला. सुरळीत चाललं होतं सगळं. मग ते झाकण आलं. थंडीत एका रविवारी, दोघींचेही हात बॉनेटमध्ये असताना, ऑइल ओततात तिथलं झाकण लावायचं राहिलं आणि गाडी तशीच गावभर फिरली. बॉनेट उघडलं तर आत सगळीकडे ऑइलचा सडा! मी म्हटलं, ताई विसरली. ताई म्हणाली, तूच विसरलीस. आता ती जन्मभर शाळेत हेडबाई. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय, स्वतःची कशी निघणार? तेव्हापासून अबोला. निरोप भाऊजींमार्फत येतात-जातात. बिचारे जिना चढून-उतरून वाळले.

असो. नवीन ऑइल काय सुंदर दिसतं! मधासारखं आरपार. ऑइल मोजायची डिपस्टिक पुसून दोनदा पाहिलं — बरोबर वरच्या खुणेला. किल्ली खिळ्याला लावून आले. आता म्हणावं, काढ चूक!

सोमवार, ४ मार्च

काढली. भाऊजी दारात उभे. "ती विचारतेय, समोरची काच कधी पुसतेस का? सगळं धुरकट दिसतंय म्हणाली."

कालच कागदाने चोळून चकचकीत केली होती! ऑइलबद्दल एक अक्षर नाही. चांगलं केलेलं तेवढं हिला दिसत नाही.

गुरुवार, ७ मार्च

आज गाडी फाटकात आडवी. एक चाक फुलझाडांच्या वाफ्यात, शेपूट रस्त्यावर. मी सायकलसुद्धा अशी लावली असती तर ताईने पायऱ्यांवर उभं करून ऐकवलं असतं.

वर नवीन आरोप — मी हेडलाईटचे चांगले बल्ब काढून स्वस्तातले मंद बसवलेत! भाऊजी हे सांगताना छताकडे बघत होते. मी म्हटलं, तिला म्हणावं, बल्ब अप्पांनी बसवलेत तेच आहेत, आणि तेही आता तुला घाबरत असतील. त्यांनी यातला किती निरोप पोचवला कोण जाणे. अर्धा चहा घेऊन गेले.

जाता जाता म्हणाले, "हल्ली पेपर मीच वाचून दाखवायचा असतो तिला. रोज सकाळी. प्रेम वाढलंय बहुतेक."

या वयात! चालू द्या.

रविवार, १० मार्च

किल्ली परत आली. नेमाप्रमाणे बॉनेट उघडलं आणि उडालेच. ऑइल वाढलंय!

गाडी ऑइल खाते, हे ऐकलं होतं. गाडी ऑइल देते, हे पहिल्यांदाच पाहिलं. वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर. मला वाटलं, जमीन उतरती असेल. गाडी सपाट जागी लावली, इंजिन गार होऊ दिलं, पुसून पुन्हा पाहिलं. तेवढंच.

यांना सांगितलं. हे शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "दिवस गेले असतील." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की चष्मा चहात पडला. नवरा विनोदी मिळावा असं मी कधी म्हटलं होतं?

नट सैल करून जास्तीचं काढून टाकलं. पुन्हा कोपरापर्यंत काळी.

मंगळवार, १२ मार्च

दवाखान्यात जाताना मेकॅनिककडे थांबले. त्याने डिपस्टिक नाकाशी धरली, बोटांत ऑइल चोळलं. म्हणाला, पेट्रोल उतरत असेल तर वास येतो, पाणी शिरत असेल तर ऑइल दुधाळ होतं. हिच्यात दोन्ही नाही. मग माझ्याकडे बघून हळूच — "घरात कोणी ओतणारं आहे का?"

आहे! वरच्या मजल्यावर आहे!

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून दिवसभर मी "दोनदा ब्रश करतो" म्हणणारी तोंडं बघते. लबाडी मला दारातच ओळखू येते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं डॉक्टरसुद्धा म्हणतात. हे ताई करतेय. पण का? मी बदललेलं ऑइल तिच्या मते कमी, म्हणून? म्हणजे मला डिपस्टिकही वाचता येत नाही!

लहानपणी दर रविवारी अप्पा दोघींना बॉनेटपाशी उभं करायचे. काढ, पूस, घाल, पुन्हा काढ. मग विचारायचे, "किती?" खुणेवर बोट ठेवायचं. ताईचं बोट नेहमी माझ्याआधी. चुकलेलं मला आठवत नाही. हेच तर डोक्यात जातं.

रविवार, १७ मार्च

माझ्या आठवड्यात ऑइल थेंबभरही वाढलं नाही. सिद्ध झालं.

डिपस्टिकच्या कडीला कागद दोऱ्याने बांधला. माझ्या सुवाच्य, बारीक, वळणदार अक्षरात: "ऑइल पुरेसे आहे. कृपया घालू नये." 'कृपया'वर बराच विचार केला. ठेवला. आपली पातळी का सोडा?

बुधवार, २० मार्च

आता मात्र हद्द झाली!

सकाळी ताई गाडी काढत होती. मी खिडकीत. गाडीमागून धूर — निळा, दाट, ढगच्या ढग! समोरचा लाँड्रीवाला खोकत बाहेर आला. वाळत घातलेले पांढरे शर्ट आत नेईपर्यंत बोलत होता, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ताई शांतपणे, मुंगीच्या पावलांनी, रस्त्याच्या मधोमध निघून गेली.

मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, फार ऑइल झालं की आत त्याचा फेस होतो, इंजिन ते जाळायला लागतं, ऑइल रोखणारी सीलं जातात. असंच चाललं तर इंजिन उतरवावं लागेल. "आणि या गाडीचं इंजिन उतरवण्यापेक्षा बाई, भंगारात द्या."

भंगारात! अप्पांची गाडी!

मी रडले. चिडूनच रडले, पण रडले. त्या गाडीच्या सीटला अजून त्यांच्या पाठीचा खड्डा आहे. ती गेली तर दोघींच्या मध्ये नुसता जिना उरेल. आणि ही बया माझ्यावरच्या रागापायी ती मारायला निघालीय. कागद वाचूनही! 'कृपया' लिहूनही!

शुक्रवार, २२ मार्च

ठरलं. मुद्देमालासह पकडायची. आठवडा संपताना रविवारी सकाळी ती ऑइल बघणारच — अप्पांचा नेम ती मोडणार नाही. मी अंगणातल्या पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे लपणार. ओळखू येऊ नये, दुरून गल्लीतले वॉचमनकाका वाटावेत म्हणून यांची टोपी आणि रंगकामाचा जुना कोट.

हे म्हणाले, "सरळ वर जाऊन विचार ना."

यांना काही कळत नाही.

रविवार, २४ मार्च

"पकडली!" — एवढंच लिहायचं ठरवलं होतं.

ताई आली. लख्ख ऊन. तिने बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली. माझा कागद दोऱ्याला तसाच लोंबत होता. तिने तो चाचपला, आणि त्यानेच डिपस्टिक पुसून काढली! मी दात आवळले. मग घातली, पुन्हा काढली. डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. उन्हाकडे तिरकी केली. मग बोट टोकापासून वर वर नेत राहिली, जसं आंधळी कोशिंबीर खेळताना आपण भिंत चाचपतो. मान हलवली आणि खाली ठेवलेला ऑइलचा डबा उचलला.

मी ताडकन बाहेर आले. अगदी समोर, हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं — एवढ्या महिन्यांचं साठवलेलं सगळं बोलायला.

ताई माझ्याकडे बघून हसली. परक्या माणसाकडे बघून हसतात तसं.

"वॉचमनकाका, बरं झालं आलात. जरा बघता का, ऑइल किती आहे ते? मला नवीन ऑइल दिसतच नाही हो. काडी कोरडीच वाटते, मग थोडं घालते आपलं." आणि आवाज खाली आणून, "खाली माझ्या बहिणीला सांगू नका. तिला कळलं तर गाडी चालवू देणार नाही. आणि काळजी करत बसेल, ते वेगळंच."

माझी ताई. समोर मी. आणि मी तिला दिसत नव्हते.

काच, बल्ब, फुलझाडांचा वाफा, पेपर, माझं बारीक वळणदार अक्षर. नजरेतून काही सुटत नाही म्हणे माझ्या! लाज वाटली. इतकी की टोपीत तोंड लपवावंसं वाटलं.

डिपस्टिक घेतली. घसा दाबून, जमेल तेवढ्या जाड आवाजात म्हटलं, "भरपूर आहे, ताई. आता घालू नका."

तिने डबा खाली ठेवला. हात पुढे करून माझा कोट चाचपला. मग टोपी.

"नवऱ्याची टोपी कशाला घातलीस?" ताई म्हणाली. "आणि घसा कशाने बसलाय? वर चल, चहा टाकते."

वर गेलो. भाऊजींनी दोघींना एकत्र दारात पाहिलं आणि खुर्चीत बसकणच मारली. आधी ती ओरडली, मग मी ओरडले, मग दोघी रडलो, आणि चहा पार उतू गेला. तिला सहा-आठ महिने कमीच दिसतंय. कोणाला सांगितलं नाही. हेडबाईंना दिसत नाही, हे कोणाला कसं सांगायचं?

उद्या डोळ्यांचे डॉक्टर. गाडी मी चालवणार. "बरं," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा, वाद न घालता.

सोमवार, २५ मार्च

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काढता येईल, पुढच्या आठवड्यात एक, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ दिसायला लागेल. ताई अशी खूश झाली जशी पोरं सुट्टी मिळाल्यावर होतात. परत येताना तिने मला गिअर कधी बदलायचा ते प्रत्येक वळणावर सांगितलं. नुसत्या आवाजावरून. एकदाही चुकली नाही.

सकाळची गोष्ट मात्र इथेच लिहून ठेवते, बाहेर कुठे बोलणार नाही. पहाटे उठून ते फेसाळलेलं ऑइल सगळं काढलं, नवीन भरलं, दोनदा मोजून. हात धुऊन ताईला खाली आणलं, शेजारी बसवलं, किल्ली फिरवणार एवढ्यात ती म्हणाली, "झाकण लावलंस?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं.

मग वाटलं, एकदा बघून यावं. "टायरमध्ये हवा कमी वाटतेय," असं म्हणत उतरले. बॉनेट अलगद उघडलं.

झाकण बॅटरीवर.

आवाज न करता लावलं. बॉनेट दोन्ही हातांनी हळूच टेकवलं. आत येऊन बसले. "टायर ठीक आहेत," मी म्हटलं.

ताई समोर बघत होती, त्या धुरकट काचेतून.

"हल्ली टायर बॉनेटखाली असतात का गं?" ती म्हणाली.