डॉर्सीची ज्यूरी

२५ मार्च १९५७, सोमवार

कोर्टाचं बोलावणं आलं. माझ्या नावाने! लोना बार्कर. सुनेने, मर्टलने, दोनदा वाचून दाखवलं, जणू मला वाचताच येत नाही. तिसरीपर्यंत गेलेय शाळेत. स्वतःचं नाव ओळखते.

ज्यूरीत बसायचंय. आठ एप्रिलपासून.

"आई, त्यात बायका कधीपासून?"

गेल्या वर्षीपासून. डोंगराबाहेर केव्हापासूनच घेत होते म्हणे, आमच्या सरकारला आत्ता सुचलं. मी मेल्यावर सुचलं असतं तरी कोण विचारणार होतं!

डॉर्सी, माझा नवरा, आज असता तर हसून हसून ठसका लागला असता त्याला.

२६ मार्च

झोप कसली! सारखा तोच आठवतो. दर एप्रिलला त्याला बोलावणं यायचंच. चांगला सदरा घालून कोर्टाच्या गावी जायचा, मावसभावाकडे राहायचा, आठवड्याने परत. आला की शेगडीशी बसून बूट काढायचा आणि सुरू. मी बियाण्याच्या शेंगा सोलत ऐकायची. पोरं झोपली तरी आमचं चालूच.

ज्यूरीच्या खोलीला बाहेरून कुलूप. धुरकट शेगडी. बारा बाप्यांचे ओले मोजे. "लोना, बारा जणांचं एक मत करणं म्हणजे बारा मांजरं एका पोत्यात भरणं." मी म्हणायची, बारांच्या जोडीला तेरावी बाई ठेवा, जेवणाआधी निकाल लागेल.

सगळ्यात लाडकी गोष्ट एनॉस फुल्ट्झची. घोडा चोरला म्हणून धरलेला. अकरा जण म्हणाले, चोर! एकटा डॉर्सी म्हणाला, "एक रात्र जाऊ दे. सकाळी तुमचं हेच मत राहिलं, तर पहिला हात माझा." सकाळी अकराही जण थंड. एनॉस चालत घरी गेला.

किती वेळा ऐकली असेल! घोडा एका साली करडा, दुसऱ्या साली तांबडा. मी टोकायची. "तू होतीस का तिथे?" म्हणायचा. कशी असणार? बायकांना घेत होते का मेले!

२ एप्रिल

शेजारची झेला आली. तिला वाटतं मी घाबरलेय.

"अगं, भरपूर रानलसूण खाऊन जा! कच्ची! जज नाक धरून घरी पाठवतो. निम्मे बाप्ये तेच करतात."

मी म्हटलं, चाळीस वर्षं दाराबाहेर ठेवलं. आता दार उघडलंय तर मी नाकामुळे परत येऊ?

यंदा रानलसूण खायची नाही. डुकराच्या चरबीत परतलेलीसुद्धा नाही.

४ एप्रिल

हॅर्लनने, माझ्या मुलाने, टेकडीवरून टोपलीभर उपटून आणली. बटाट्यांबरोबर सगळ्यांनी हाणली. मी सोडून.

देवा, काय घाण वास! सगळ्यांनी खाल्ली की कोणाचा कोणाला येत नाही, म्हणून जन्मभर कळलं नाही. दर वसंतात आपलं घर असं घाणत होतं तर! मी व्हरांड्यात झोपले. मर्टलला राग आला. येऊ दे.

८ एप्रिल

निवडली मला! दोन बायका, दहा बाप्ये.

जजने विचारलं, इथल्या कोणाला आरोपी ओळखीचा आहे? सगळे उभे राहिले. एवढासा जिल्हा, ओळखीचं नाही कोण? जज वैतागला. "बसा! सोयरीक नाहीतर वैर असेल त्यांनीच उभं राहा." तरी निम्मे उभेच. एक जण असा घाणत होता की म्हाताऱ्या होझियाने, कोर्टाच्या शिपायाने, खिडकी उघडली आणि त्याला दार दाखवलं. गेला खुशीत.

खटला असा. व्हर्लिन कटलिपने शेजारच्या सीअर्सचं धान्याचं कोठार पेटवलं म्हणे. कुंपणावरून भांडण होतं. दोषी ठरला तर सात वर्षं तुरुंग. त्याची बायको मांडीवर तान्ही पोर घेऊन बसलीय. पोरगी आमच्याकडेच बघते. मी दुसरीकडे बघते.

जज म्हणाला, घरी कोणाशी बोलायचं नाही. कागदाशी बोलू नका असं म्हणाला नाही.

९ एप्रिल

दिवसभर साक्षी. बूड दुखलं. हे डॉर्सीने कधी सांगितलं नव्हतं.

सीअर्सबाई म्हणाली, कंदील घेऊन व्हर्लिन कोठाराकडून जाताना पाहिला. तोंड दिसलं? नाही, पण चाल त्याचीच. व्हर्लिन म्हणतो, कुत्रा हरवला होता, तो शोधत होतो.

लावलीही असेल आग. नसेलही. तोंडावरून कळत नाही. डॉर्सी म्हणायचा, खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होतात. व्हर्लिनचे लालच आहेत. पण तिथे सगळ्यांचेच होते, शेगडी भडकली होती.

१० एप्रिल

हॉटेलात आहोत. कोर्टासमोरच. दाराशी पहारा. दुपारी कोर्टातल्या त्या कुलपाच्या खोलीत मतं घेतली.

अकरा विरुद्ध एक. ती एक मी. क्लीट बर्गर न्हावी म्हणतो, "आजी, स्वच्छ दिसतंय सगळं. सही करा, घरी जाऊ. माझं दुकान बंद पडलंय."

"तुझं दुकान उद्याही उघडेल. याचं दार सात वर्षं बंद राहील."

"मग तो निर्दोष आहे म्हणता?"

"मला माहीत नाही. तुलाही नाही."

सगळे ओरडायला लागले. दुसरी बाई, शाळेतली, तीसुद्धा! मग मी एनॉसची गोष्ट सांगितली. माझा नवरा याच खोलीत बसला होता, म्हटलं. त्याच्यासारखंच म्हटलं, एक रात्र जाऊ दे. सकाळी तुमचं हेच मत राहिलं, तर पहिला हात माझा.

खुर्च्या ओढून परत बसले. बार्करचा डॉर्सी म्हणजे सरळ माणूस, असं कोणीतरी म्हणालं.

आता शब्द देऊन बसलेय. सकाळी ते ढिम्म राहिले तर हात वर करावा लागणार. आणि ती पोरगी बघणार.

११ एप्रिल

सुटला!

न्हाव्यानेच तोंड उघडलं, कॉफीसुद्धा संपली नव्हती. "त्या रात्री माझाही कुत्रा पळाला होता. मीही कंदील घेऊन त्याच वाटेने गेलो. सीअर्सबाईने मला पाहिलं असतं तर?" मग दुसरा म्हणाला, मीही कुत्र्यामागे होतो रानात. मग तिसरा. कुत्रे असलेले सगळेच! अर्धी ज्यूरी कंदील घेऊन हिंडत होती.

व्हर्लिनची बायको रडली. पोरगी झोपली होती.

निघताना मी होझियाला विचारलं, डॉर्सीची खुर्ची कुठली? किल्ल्या चाचपत बसला. "उद्या सांगतो, वहिनी." ज्यूरीच्या हजेरीला उद्या एक दिवस यायचंच आहे.

खूप वर्षांनी त्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. पुरे.

१२ एप्रिल

होझियाला गाठलं. मान खाली घालून बोलला. "वहिनी, डॉर्सी कुठल्याच खुर्चीवर बसला नाही. दर साली रानलसूण खाऊन यायचा. जज हाकलायचा. मग त्या खिडकीखाली पायरीवर बसून दिवसभर ऐकायचा."

"आणि एनॉस?"

"एनॉस तुरुंगातच मेला. एक रात्र जाऊ दे, असं त्या खोलीत कोणीच म्हणालं नाही. आणि घोडा कसला, खेचर होतं."

खोटारडा मेला.

येताना टेकडीवर चढले. रानलसूण उपटली, मातीसकट खाल्ली, ओंजळभर. आता घराला वास येत नाही.