खोल बाजूची खुर्ची

२ एप्रिल
संकल्प: पावसाळ्याच्या आत आदितीला पोहायला शिकवणे. महापुराच्या वर्षी ऐश्वर्या माहेरी अडकली होती. होडीतून बाहेर काढलं तेव्हा आदिती तिच्या मांडीवर, आणि लाईफ जॅकेट एकही शिल्लक नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ऐश्वर्या हा विषय काढते आणि दर उन्हाळ्यात मी बिझी असतो. हुपरीत पैंजणाचा कारखाना चालवणं खायचं काम नाही. यंदा ती ऐकेना. मी म्हटलं, क्लास कशाला, बाप आहे की. मळ्यातल्या विहिरीत आम्ही काठावरून सूर मारायचो.
म्हणजे अण्णा मारायचा. माझा थोरला भाऊ, अनेकांत. मी वर बसून त्याचे कपडे सांभाळायचो. विहीर एकच.

४ एप्रिल
मळ्यात जाऊन आलो. विहिरीपर्यंत गेलो नाही. वाटेत गवत फार, सापाची भीती. मुलीच्या सुरक्षेशी तडजोड नाही. क्लासच बरा.

७ एप्रिल
कोल्हापुरात टँक बघितले. एकात पाणी हिरवं. तळ दिसत नाही तिथं मूल सोडू नये, एवढं मला कळतं. दुसऱ्यात लाईफगार्ड मोबाईलमध्ये. तिसऱ्यात सगळं जागच्या जागी: खोलीचे आकडे रंगवलेले, उथळ आणि खोल बाजूच्या मध्ये दोरी, काठावर रिंगा आणि लांब बांबू. इतकं व्यवस्थित असणं मला संशयास्पद वाटलं. ऐश्वर्याने तिथंच नाव घातलं.
कोच शबनम मॅडम. त्यांचा पहिला प्रश्न मलाच. "पावणं, तुमाला पवाय येतंय न्हवं?" पोहणाऱ्या पालकांना खोल बाजूला खुर्ची, बाकीच्यांनी जाळीबाहेर बसायचं. आदिती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, व्हय की.
पाण्याला क्लोरीनचा वास होता. मला शेवाळाचा आला.

८ एप्रिल
आमच्या घरात बादली काठोकाठ भरत नाहीत. आईचा नियम. आदितीने आज कारण विचारलं. मी म्हटलं, पाणीटंचाई. आई तिथंच गहू निवडत होती. सूप उचलून आत गेली.

११ एप्रिल
इथं पोरं फोमची फळी धरून पाय मारतात. हे काय शिकणं झालं? आमच्यात पाठीला बंद डबा बांधून विहिरीत सोडतात. गोड्या तेलाचा डबा घेतला, तोंड स्वतः डाग देऊन बंद केलं. जन्मभर पैंजणाच्या कड्या जोडतोय, माझ्या डागातून हवा जायची नाही.
मॅडमनी डबा वाजवून बघितला. म्हणाल्या, पाठीला अजिबात न्हाय, पोरगी पालथी हुतीया. पण त्याला दोरी बांधून माझ्या खुर्चीशी ठेवला. कुणी गटांगळ्या खाल्ल्या तर फेकायला. म्हणजे आता मी जवळजवळ स्टाफ.

१५ एप्रिल
आदिती पाठीवर तरंगायला लागली. हात पसरलेले, कान पाण्यात, डोळे मिटलेले. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मोबाईल बघितला. अण्णाला वर काढून ठेवला तेव्हा त्याचे डोळे असेच होते.
आज शिकवलं: कुणी बुडत असेल तर पाण्यात उडी टाकायची नाही. ओरडायचं, आडवं पडून बांबू द्यायचा, तरंगणारं काहीतरी फेकायचं. अण्णाला हे कुणी सांगितलं नव्हतं. चुलतभाऊ पायरीवरून घसरला आणि हा अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. त्या दिवशी मला सांभाळायला काही नव्हतं. चुलतभाऊ वाचला. बेळगावला असतो, लग्नकार्यात भेटतो. आम्ही जेवणाविषयी बोलतो.

१९ एप्रिल
सराव सुरू. बादलीत तोंड घालून श्वास सोडणे. घालणार इतक्यात फोन वाजला. वाजला नव्हता, पण वाजू शकला असता. उद्यापासून नक्की.

२४ एप्रिल
काही विशेष नाही. सगळे सुखरूप.
आदितीने आपल्या मनाने दोरी ओलांडली. मध्यावर दमली, खाली गेली. वर आली तेव्हा तिने मॅडमकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी उभा होतो, डबा हातात होता. पुढचं मला नीट आठवत नाही. समोर टँक नव्हता, एवढं आठवतं. मॅडमनी पोटावर पडून बांबू दिला, आदितीने धरला, बाहेर आली.
माझ्या मिठीतून डबा सोडवायला दोघं लागले म्हणे. डाग मात्र पक्का निघाला.
स्कूटरवरून घरी निघालो. गडमुडशिंगीच्या पुढं आल्यावर मागून म्हणाली, "पप्पा, तुम्ही बसलेले म्हणून मी दोरी ओलांडली."
घरी येईपर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

२५ एप्रिल
आदितीला सांगितलं. अण्णाचंही. मला वाटलं ती रागावेल. तिने फक्त विचारलं, काका केवढे होते? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा थोडे मोठे.
मग मॅडमना सांगितलं. त्या मात्र रागावल्या. "तुमच्या भरवशावर म्या तिकडची बाजू सोडलीती की." बरोबर आहे. खुर्ची काढून घेतली. मला वाटलं घरी पाठवतील, तर नाही. म्हणाल्या, आता तुम्ही पाण्यात. मोठ्यांची बॅच फुल आहे. बालवर्गात जागा आहे.

२८ एप्रिल
बालवर्ग. माझ्या कमरेएवढं पाणी, बाकीच्यांच्या छातीएवढं. आजचा धडा: पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणे. शेजारच्या पोराने पाहुण्याला दाखवावं तसं करून दाखवलं. मी काठाची दांडी घट्ट धरली आणि तोंड घातलं. आत कुणी नव्हतं. फरशी होती, माझे पाय होते.
वर आलो आणि डोळ्यांतून धारा लागल्या, थांबेचनात. सगळी पोरं बघायला लागली. मी मोठ्याने सांगितलं, क्लोरीन जास्त झालंय, तक्रार करावी लागेल.
आदिती काठावर बसली होती. हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही गॉगल घातलाय."