एकशे बारा नंबरच्या ओळीत तुमचं नाव

आप्पा, नाव तुम्ही बदललं होतं, मी न्हवं. एवढं एक आज तरी कबूल करा. मुरगूडच्या दवाखान्यात तुम्ही काकाचं नाव सांगितलं, काकाचा पत्ता दिला, आणि मार मी खाल्ला. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, तरी हे भांडण माझ्या मनात पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि तुम्ही आपले फोटोतनं बघत बसता. आता ते मिटवायची मला घाई आहे, कारण मी भ्यालोय. महिनाभर खोकला आहे. इथं ओडिशात एका दवाखान्यात थुंकी तपासायला दिली आणि नाव विचारल्यावर तुमचं सांगून बसलो. आता ते नाव फिरत फिरत माझ्याच पुढ्यात आलंय, आणि माझे कामावरचे सर म्हणतात, ह्या माणसाला शोधून काढ.

माझं काम काय ते तुम्हाला सांगायची वेळच आली नाही. दहावीला दोनदा बसलो, दोनदा आपटलो, चार ठिकाणी लागलो आणि सोडलं. तुम्ही माझ्या लहानपणीच म्हणायचा, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय, एका जागी टिकायचं न्हाय हे." शेवटी शाहूपुरीतल्या सायबर कॅफेत टायपिंग करत होतो. तिथं एक सर टीबीच्या पेशंटांच्या याद्या घेऊन आले. टाईप करताना मी म्हणालो, ह्यातला एक माणूस दोनदा आलाय. त्यांनी बघितलं, खरं होतं. "शिक्षण किती?" "दहावी नापास." "बरं झालं, जास्तीचं शहाणपण करणार नाहीस," म्हणाले आणि त्यांच्या टीबीच्या पाहणीच्या कामावर घेऊन गेले.

तेव्हापासून पाठीवरची बॅग हेच ऑफिस. आज ओडिशातल्या ह्या तालुक्यात, पुढच्या महिन्यात त्या, लॉज बदलत राहायचं. दवाखान्यातली रजिस्टरं लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. थुंकीच्या बाटल्या लॅबला जातात, तिथं प्रत्येकाच्या जंतूचे बारा आकडे काढतात. ते आकडे आणि माणसं मी जुळवतो आणि कॅफेत बसून हैदराबादला सरांना मेल करतो. ज्यांचे आकडे सारखे, त्यांचा आजार एकाच ठिकाणचा. मग कॉम्प्युटर झाडासारखं चित्र काढतो, कुणाकडनं कुणाकडं गेला त्याचं. मला हे काम आवडतं, आप्पा. पहिल्यांदाच काहीतरी सोडून पळावंसं वाटलं नाही. पण खोकणाऱ्या माणसाला गावोगाव कोण पाठवेल? लॅपटॉप परत दे म्हणतील, आणि मी पुन्हा आईपुढं रिकामा उभा. म्हणून जिथं मला कुणी ओळखत नाही असा दवाखाना शोधला. कुणी ओळखू नये म्हणून एस्टीनं लांबचं मुरगूड गाठणाऱ्या माणसाचाच मी मुलगा.

तो दिवस मला अजून दिसतो. मी अकरा वर्षांचा. तुमची सुट्टी आहे, शिरोलीची फाउंड्री बंद आहे, तरी तुमच्या नखांत साच्याची काळी वाळू आहेच. तुम्ही एस्टीत बजावता, "तिथं काय बी बोलायचं न्हाय." दवाखान्याच्या बाकावर बसतो. सिस्टर काकाचं नाव पुकारते आणि तुम्ही उठता. मला हसू येतं. कंत्राटदाराला टीबीचं कळलं तर गेटवरनंच परत पाठवतील म्हणून हे चाललंय, हे मला कुठं ठाऊक? सिस्टर मायेनं विचारते, "बाळ, नाव काय तुझं? पूर्ण सांग बघू." शाळेत हेच तर शिकवलेलं. मी उभा राहून खणखणीत सांगतो, माझं, तुमचं, आडनाव.

सिस्टर कार्डाकडं बघते, मग तुमच्याकडं. "मग हे कार्डावरचं कोण?"

"पोरगं गोंधळलंय, बाई."

"पोरगं न्हाय गोंधळलं. पावणं, नाव कुठलंबी सांगा, पण गोळ्या मधेच सोडू नगासा. आता कार्ड नवं करावं लागंल, खऱ्या पत्त्याचं. आमचा माणूस येईल घरी, बायका-पोरांची तपासणी करायला."

त्या शेवटच्या वाक्यानं तुमचा चेहरा उतरला. स्टँडवर तुम्ही माझ्या थोबाडीत दिली, सगळ्यांदेखत. "लई खरं बोलतोस व्हय रं? खायला काय घालशील मग, खरं?" आणि मग दहा मिनिटांनी समोरच्या दुकानातनं कंपास पेटी घेऊन दिली. ती अजून आहे. तिच्यात मी पेनड्राइव्ह ठेवतो.

तुम्ही पुन्हा मुरगूडला गेला नाही. शिरोलीच्या आसपासच्या दवाखान्यातही कधी गेला नाही. मधे काका भडकून आला होता, दारातनंच ओरडत. "मी बैलागत धडधाकट माणूस, आन सरकारी कागदावर मरायला टेकलोय व्हय रं? दवाखान्याचा माणूस माझी छाती बघून गेला! पोरीची सोयरीक मोडंल की माझ्या!" आई हसली, तुम्हीपण हसला, आणि हसता हसता तुम्हाला जी ढास लागली ती किती वेळ थांबलीच नाही. त्याच्या पुढची दिवाळी तुम्ही बघितली नाही. तेव्हापासून मला वाटतं, मी नाव सांगितलं म्हणून तुमच्या गोळ्या सुटल्या. आई म्हणते तसं काही नाही. तुम्ही मात्र कधीच काही म्हणाला नाही, आणि माझी तक्रार हीच आहे.

गेल्या सोमवारी सरांचा फोन आला. मी कॅफेत होतो, नवीन यादी समोर उघडी. एकशे बारा नंबरच्या ओळीत तुमचं नाव, पुढं निकाल, टीबी आहे. पत्ता खोटा, त्यामुळं गोळ्या द्यायला गेलेला माणूस परत आलेला.

"हा एकशे बारा कोण रे? नाव तुमच्याकडचं दिसतंय. तुझं मधलं नाव हेच ना?"

"आमच्याकडं घरोघरी असतंय, सर, हे नाव."

"असेल. पण मजा बघ, याचे आकडे इथल्या कुणाशीच जुळत नाहीत. हा माणूस आजार बाहेरून घेऊन आलाय. कधी कधी जंतू लहानपणी शिरतो आणि वर्षानुवर्षं झोपून राहतो. त्याला शोधून काढ आणि विचार, घरी पूर्वी कुणाला होता का."

मी हो म्हणालो. फोन ठेवला. वाटलं होतं, गावोगाव खोकणाऱ्यांच्या शेजारी बसून मला हे लागलं असेल. ते नव्हे. एका खोलीत आपण तिघं झोपत होतो, तुमच्या पाठीला पाठ लावून मी. लॅबकडं तुमचे आकडे नाहीत, त्यामुळं खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण मला वाटतं, ते तुमचेच असतील. मी खोटं म्हणून जे नाव दिलं, ते तेवढं खोटं नव्हतं.

ती ओळ खोडणं सोपं होतं. एक बटण दाबायचं, दोनदा आलाय म्हणून लिहायचं, कुणी विचारलं नसतं. तीन दिवस त्या ओळीकडं बघून परत येत होतो. खोडली असती तर गोळ्याही गेल्या असत्या, तुमच्या गेल्या तशाच. काल तुमचं नाव काढून माझं घातलं, लॉजचा पत्ता घातला, 'घरी पूर्वी कुणाला' ह्या रकान्यात 'वडील' लिहिलं आणि मेल पाठवली. अजून उत्तर नाही. फोन वाजला की आधी नंबर बघतो. गोळ्या मात्र आज सकाळी सुरू केल्या, सिस्टरपुढं बसून.

हे पत्र टाकणार कुठं, कंपास पेटीतच राहील. एक सांगायचं राहिलं. थुंकी दिली त्या दिवशी इथल्या दवाखान्यात सिस्टरनं वेड्यावाकड्या उच्चारात तुमचं नाव मोठ्यानं पुकारलं, आणि मी उठायला मुद्दाम उशीर लावला. म्हटलं, अजून एकदा पुकारू दे.

आईला फोनवर खोकल्याचं सांगितलंय. आधी रडली, मग म्हणाली, "मला बी हाय रं थोडा, धुरळ्याचा." मी म्हटलं, उद्याच्या उद्या छातीचा फोटो काढ, आणि नाव तुझंच सांग. नेहमीचे दोन हजार आणि फोटोचे, गाडीभाड्याचे वेगळे तीनशे. तेवीसशे पाठवतोय.