लाल दिवा आणि एकतीस शहाणी मुलं

तीर्थस्वरूप काकूस,

साष्टांग नमस्कार. (खोलीभर वायरी पसरल्याने आडवं व्हायला जागा नाही; भावना पोचावी.) तुमची पाठ आता कशी आहे? काकांच्या बोटांची चौकशी करत नाही, कारण काल ती चार तास माझ्या डोळ्यांसमोर पेटीवरच होती.

मुलांच्या समूहगीताचं हे रेकॉर्डिंग म्हणजे माझं एकट्याचं पहिलं काम. स्टुडिओच्या मालकांच्या पसंतीस उतरलं तर मी रेकॉर्डिस्ट. नाहीतर पुन्हा वायरी गुंडाळायला. त्यामुळे तयारीत कसूर ठेवली नाही. सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या, करकरणारी खुर्ची हलवली, तबलजींचं मनगटी घड्याळसुद्धा (टिकटिकतं) शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. मग एकतीस मुलांना रांगेत उभं करून बजावलं, की भिंतीवरचा लाल दिवा लागला की कुणीही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तीनदा सराव घेतला. मुलं इतकी शहाणी, की मला भरून आलं.

दिवा लावला. काकांनी पेटी सुरू केली, तबला आला, गाण्याची जागा आली आणि गेली. एकतीस मुलं ओठ घट्ट मिटून दिव्याकडे बघत उभी. काका फिरून सुरुवातीला आले, पुन्हा तेच. शेवटी दिवा विझवला, तेव्हा पुढच्या रांगेतली दात पडलेली मुलगी म्हणाली, "दादा, आम्ही जिंकलो ना?" त्यावर काका म्हणाले, "गाढवा, गायचं कधी ते सांगितलंस का?" (हे मला, तिला नव्हे.)

मग नवा नियम केला : दिवा लागला की गायचं, विझला की थांबायचं. आता गाणं संपल्यावर सूर पूर्ण विरेपर्यंत मी दिवा चालू ठेवतो (मनात दहा आकडे मोजतो). मी मुलं गप्प व्हायची वाट बघतोय, मुलं दिवा विझायची वाट बघत गातायत. शेवटची ओळ अकरा वेळा झाल्यावर तबलजींनीच उठून बटण दाबलं.

सातव्या खेपेला मात्र मुलं अशी गायली, की मी आकडे मोजायचे विसरलो.

तुमचा,
धाकटा पुतण्या

ता. क. त्या सातव्या खेपेत ऐन शेवटच्या सुरावर काका मोठ्याने "शाब्बास!" म्हणाले आहेत. शब्द कापावा तर सूरही जातो. मालक म्हणतात, रविवारी पुन्हा करा, नाहीतर वायरी आहेतच. काकांना हे सांगायची माझी छाती नाही. तेव्हा रविवारी तुम्ही त्यांच्याशेजारी येऊन बसाल का, आणि दिवा लागण्याआधी त्यांच्या तोंडात खोकल्याची मोठी गोळी घालाल का? (चघळू देऊ नये. आवाज येतो.)

आणखी ता. क. सातवी खेप पुसून टाकायला सांगितलं होतं. पुसलेली नाही. काकांकडे तीन वर्षं पेटी शिकलो, पण तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मुलांसाठी होता, हे मला कळतं. पण म्हणताना ते बघत होते माझ्याकडे.