उंदराचंच औषध

बाबा, आज रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. तुमचं कपाट आवरताना रक्त पातळ करायच्या गोळ्यांची तुमची पट्टी सापडली, म्हणून लिहायला बसलो.

कारखान्याच्या कॅन्टीनचं गोदाम आठवतं. मी दहावी नापास, तुमच्या हाताखाली लागलेला. तुम्ही शिकवलंत, आधी चार दिवस नुसतं पीठ ठेवायचं, उंदीर चटावले की मग निळ्या वड्या. या विषानं लगेच काही होत नाही. रक्त गोठायचं थांबतं, चार-पाच दिवसांनी उंदीर आतल्या आत रक्त सांडून मरतो, तोवर बाकीच्यांना संशय येत नाही. त्या सकाळी एक उंदीर झोकांड्या खात पोत्यांमागून बाहेर येतो, नाकातोंडातून रक्त. तुम्ही फावड्यानं त्याचं डोकं चेचता. मी वड्या मांडून तसल्याच हातानं पोळीचा डबा उघडतो, आणि फावड्याचा दांडा माझ्या तोंडावर बसतो. “हात धुतलेस? गाढवा, मरायचंय तुला?” नाक फुटतं, शर्ट भिजतो, तरी तुम्ही पाठीत हाणताच. स्वयंपाकी धावत येतो, “अरे बाबूजी, लड़के को मार डालोगे क्या!” मग तुम्ही दांडा टाकलात, हातातलं घड्याळ काढलंत आणि माझ्या नाकाकडे बघत बसलात. रक्त थांबायला अकरा मिनिटं लागली. “थांबलं,” एवढंच म्हणालात. मला तेव्हा दांडाच दिसत होता.

आठ वर्षांनी तुमच्या हृदयात गुठळी निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधाची जात तीच, पण मात्रा मोजून, रक्त तपासत द्यायचं. एकही गोळी चुकता कामा नये. गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या रात्री आमटीत मीठ कमी म्हणून तुम्ही कढत वाटी माझ्या छातीवर फेकलीत. मी म्हणालो, “गोळी घेतलीत ना? उंदराचंच औषध आहे ते.”

तुम्ही पट्टी उलटीसुलटी करून पाहिलीत. “रक्त सांडून मरतात, तेच?”

“तेच.”

डॉक्टरांचं बाकीचं वाक्य मी सांगितलं नाही. त्यानंतर सतराव्या दिवशी तुम्ही बिट्टन मार्केटात मेथीची जुडी हातात धरूनच कोसळलात. गुठळी मेंदूत गेली होती.

हे पत्र पट्टीबरोबर डब्यात ठेवतोय. दहा गोळ्यांची पट्टी. घेतलेल्या चार, उरलेल्या सहा. मी तेव्हा रोज सकाळी मोजत होतो, बाबा.