राखीव वाट

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. रुग्णवाहिका बोलावण्यासाठी लोक जिथे फोन करतात, त्या कक्षाचं नेटवर्क आता माझ्याकडे. फोन घेणाऱ्या बाईंनी चहा पाजला. म्हणाल्या, तुमच्या जागेवर कोणी टिकत नाही, तेव्हा डब्यासाठी कपाट आधी अडवून ठेवा. बऱ्याच दिवसांनी हसलो. आईला फोन करून सांगितलं. ताई गेल्यापासून ती दिवसभर घरात एकटी असते.

४ तारीख, मंगळवार
साहेबांनी राखीव वाट तपासायला सांगितली. फोन कोणत्या वाटेने जायचे हे ठरवणाऱ्या राउटरमध्ये दोन वाटा हाताने लिहिलेल्या आहेत. मुख्य वाटेचा आकडा एक, राखीव वाटेचा दोनशे. लहान आकडा जिंकतो. मुख्य वाट पडली तरच राखीव वाट पुढे येते, तोवर यादीत दिसतही नाही.

६ तारीख, गुरुवार
ताई गेली त्या दुपारच्या नोंदी काढल्या. नोकरी त्यासाठीच धरली असं नाही. नाहीच असंही नाही. सात महिन्यांपूर्वी आम्हाला इथून सांगितलं होतं, फोन आलाच नाही. तिचे चार फोन नोंदले आहेत.
लाइन पलीकडे कुठेतरी तुटली होती. आपल्या टोकाचा दिवा हिरवाच, म्हणून राउटरने ती जिवंत धरली. फोन येत होते, आपलं उत्तर मेलेल्या वाटेने जात होतं. पलीकडचं टोक जिवंत आहे का, हे विचारत राहणारी एक ओळ कोणी लिहिलीच नव्हती.
साहेबांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "दिवा हिरवा होता ना? मग आपली चूक नाही."

७ तारीख, शुक्रवार
ती ओळ लिहिली. चाचणीसाठी भर दुपारी मुख्य केबल काढली. राखीव वाट लगेच वर आली. बाई म्हणाल्या, हेडफोन एकदम गप्प झाले. माझ्या चाचणीच्या फोनवर मात्र कॉल आला. तारीख सात महिन्यांपूर्वीची. नंबर ताईचा.
धाप लागली होती. पत्ता दोनदा सांगितला. मग म्हणाली, "लवकर या हो. घरी कोणी नाही, छोट्या कामावर गेलाय."
छोट्या म्हणजे मी. ओरडलो. तिला ऐकू गेलं नाही. केबल परत लावली.

१० तारीख, सोमवार
पुन्हा काढली. दहा मिनिटं. ताईच्या मागे आणखी आवाज होते, सगळे आपापला पत्ता सांगणारे.
बाईंनी विचारलं, फोन सारखे का थांबतात? चाचणी चालू आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या जागेवरचे आधीचे भाऊही असंच म्हणायचे." मग हेडफोन लावून पाठ फिरवली.

१२ तारीख, बुधवार
केबल काढली की साहेबांना कळतं. म्हणून आकडेच बदलले. राखीव वाटेला एक, मुख्य वाटेला दोनशे. दिवे सगळे हिरवे. कोणाची काही तक्रार नाही.
तासभर ऐकलं. चौथ्या फोनवर ती पत्ता सांगत नाही. नुसती —
त्या तासात खऱ्या माणसांचे किती फोन आले असतील? मोजले नाहीत. ताईच्या वेळी तरी कोणी मोजले होते?

१३ तारीख, गुरुवार
सकाळपासून आकडे पुन्हा उलटेच. बाई रिकाम्या हेडफोनसमोर बसून आहेत.
चौथा फोन संपला की पहिला येतो. आज पाचवा आला.
तोच पत्ता. आमचाच. पण आवाज —
"छातीत दुखतंय. मुलगा कामावर आहे हो."
आई.
तारीख पाहिली. आजची. आत्ताची.
आई, मी ऐकतोय. आई —
आकडे परत फिरवले. राउटर घेत नाही. मुख्य केबल लावलेलीच आहे, दिवा हिरवा. मोबाइलवरून लावला, घरचा फोन व्यस्त. ती माझ्याशीच बोलते आहे.
बाईंना हाक मारली. त्या वळत नाहीत. समोर उभा राहिलो, तरी —
पत्ता दुसऱ्यांदा सांगतेय.
धाप —
माझंही उत्तर त्याच मेलेल्या वाटेने —